लाईट गेली तर हे काय करतं?

(१९७८ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू एवढी वर्षं नक्की काय करत होतास, ते एकदाचं सांगून टाक. वीस मिनिटं देतो." त्यांचं बरोबर आहे. आजवर कुठल्याही लग्नकार्यात भेट झाली की तुम्ही विचारायचात, "काय रे, बाँब झाला का तयार?" आणि मी हसून जिलबीकडे वळायचो. आमच्या नोकरीत कमी बोलायची सवय लागते. निवृत्त झालो तरी ती जात नाही. म्हणून आजही मी कुठल्या संस्थेत आणि कुठल्या अणुभट्टीवर होतो ते सांगणार नाही. बाकी जे सांगेन ते खरं आहे.

मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला होता, "आता अणुभट्ट्यासुद्धा कॉम्प्युटरवर चालतात, उद्या कुणी मोबाईलवरून बंद-चालू करेल!" त्यावर बावीस जणांनी हात जोडले आणि तिघांनी मला टॅग केलं. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दोन ओळींचं नव्हतं. ते उत्तर आज देतो.

आधी एक गैरसमज. मी ज्या भट्ट्यांबद्दल बोलतोय त्या विजेच्या नव्हेत. तारापूरची भट्टी वीज करते. संशोधन अणुभट्टी न्यूट्रॉन करते. तिच्यातली उष्णता आम्ही चक्क पाण्याबरोबर फेकून देतो. आपल्याकडे पहिली होती ती अप्सरा, ट्रॉम्बेची. ४ ऑगस्ट १९५६ ला ती सुरू झाली, म्हणजे आपल्यापैकी कुणाचाही जन्म व्हायच्या आधी. पाण्याच्या तलावात ठेवलेली, जेमतेम एक मेगावॉटची. त्या पाण्यातला निळा प्रकाश पाहून पंडित नेहरूंनी तिला नाव दिलं. इंधन इंग्लंडहून आलं, पण तिचं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रणा ए. एस. राव यांच्या गटाने इथेच बनवली. पुढे १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल निघाली, ती याच रावांच्या पुढाकाराने. अप्सरेनंतर १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने चाळीस मेगावॉटची सायरस आली आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये शंभर मेगावॉटची ध्रुव. सायरस २०१० च्या शेवटच्या दिवशी कायमची बंद झाली. अप्सरा २००९ मध्ये बंद करून तिच्या जागी नवी, दोन मेगावॉटची अप्सरा-यू उभारली, ती २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली.

या न्यूट्रॉनचा तुम्हाला काय उपयोग? आपल्यातल्या कुणीतरी, किंवा कुणाच्या बायकोने, थायरॉईडसाठी "आयोडीनचा डोस" घेतला असेल. ते आयोडीन-१३१ अशाच भट्टीत तयार होतं. ते आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याचंही निम्मं. म्हणजे लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवता येत नाही. भट्टी बंद असली की तो माल नाही, आणि दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला पुढची तारीख मिळते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता जुनं पॅनेल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या नियंत्रण कक्षात भिंतभर लोखंडी कपाटं होती. त्यात शेकडो रिले. रिले म्हणजे काय ते आपल्यातल्या एमएसईबीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. तारेचं वेटोळं, त्यात वीज सोडली की लोखंडाची पट्टी ओढली जाते आणि संपर्क जुळतो. वीज गेली की पट्टी सुटते, टक्. बस, एवढंच. असे शेकडो "टक्" एकमेकांना जोडून ठरवत असत की भट्टी चालू द्यायची की नाही.

भट्टी बंद करणारे दांडे वर विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले असतात. चुंबकाची वीज तुटली की दांडे स्वतःच्या वजनाने खाली पडतात आणि भट्टी विझते. म्हणजे चालू ठेवायला सतत वीज लागते, बंद व्हायला काहीच लागत नाही. तार तुटली, फ्यूज उडाला, रिलेचं वेटोळं जळलं, उंदराने केबल कुरतडली, तरी परिणाम एकच: दांडे खाली. ही कल्पना ज्याने पहिल्यांदा काढली त्याला माझा नमस्कार. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच व्हावा, ही सोय त्याने गुरुत्वाकर्षणाकडून फुकटात करून घेतली.

मोजणाऱ्या यंत्रणा तीन असतात, एकमेकींपासून वेगळ्या. तिघींपैकी दोघींनी "धोका" म्हटलं की भट्टी बंद. एकटी ओरडली तर आधी तिलाच तपासायचं. तीन का? एकच असली आणि ती बिघडली तर धोका कळणार नाही. दोनच असल्या आणि त्यांचं पटलं नाही तर कुणाचं ऐकायचं? आपल्या वर्गातल्या मॉनिटरच्या निवडणुकीपेक्षा ही पद्धत बरी होती.

आणि मोजायचं काय, तर न्यूट्रॉन. सुरुवातीला ते एकेक करून मोजता येतात इतके कमी, आणि पूर्ण शक्तीला त्याच्या शंभर कोटी पटींहून जास्त. एकाच तराजूवर मोहरी आणि मालगाडी तोलण्यासारखं आहे ते. शिवाय किती आहेत यापेक्षा किती वेगाने वाढताहेत हे जास्त महत्त्वाचं. त्याला आम्ही पिरियड म्हणतो: शक्ती साधारण पावणेतीन पट व्हायला लागणारा वेळ. हा वेळ फार कमी झाला तर कुणाला विचारत बसायचं नाही, दांडे खाली.

मग एवढं सगळं चांगलं होतं तर बदललं कशाला? कारण ते म्हातारं झालं होतं. रिलेच्या संपर्कांवर काजळी धरते. कपॅसिटर आतून सुकतात. केबलवरचं आवरण कडक होऊन वाकवलं की तडकतं. सकाळी जुळवलेली मापनाची साखळी संध्याकाळपर्यंत सरकलेली असते. आणि सुटे भाग मिळत नाहीत. ज्या कंपनीने ते बनवले तिने ते बनवणं सोडून दिलेलं असतं, कधी कधी ती कंपनीच नसते. लॅमिंग्टन रोडवर शोधलं तर काय वाटेल ते मिळतं, पण अणुभट्टीच्या सुरक्षेत लावायला तिथून आणलेला भाग चालत नाही, हे काही पाहुण्यांना समजावताना आमची दमछाक व्हायची. शेवटी आम्ही एका बंद पडलेल्या पॅनेलचे अवयव काढून दुसऱ्याला लावायला लागलो होतो. हे दुखणं फक्त आपलं नाही. जगात चालू असलेल्या संशोधन अणुभट्ट्या दोनशेहून थोड्या जास्त, आणि त्यातल्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवण्यासाठीची एक छोटी भट्टी आहे, १९६२ ची. तिची नियंत्रण यंत्रणा पूर्णपणे डिजिटल झाली ती २०१९ मध्ये, आणि तसा परवाना मिळालेली ती त्या देशातली पहिली भट्टी. अमेरिकेत! आपण फोन तीनदा बदलतो तेवढ्या काळात ही मंडळी नुसती तपासणी करत असतात. ते हळू असतं ते उगाच नाही.

का, ते सांगतो. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेराक-२५ नावाचं कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. त्या यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी पट मात्रा दिली. त्यातले काही दगावले. चूक प्रोग्रॅममध्ये होती. टंकणारी बाई सरावाची होती. तिने चुकीचं अक्षर टाकलं आणि भराभर वर जाऊन दुरुस्त केलं. यंत्रातल्या चुंबकांना जागेवर यायला साधारण आठ सेकंद लागत. दुरुस्ती त्या आत झाली तर पडद्यावर एक आणि यंत्रात दुसरंच. पण मला झोप येऊ न देणारी गोष्ट वेगळीच आहे. तोच दोष आधीच्या, थेराक-२० या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही होता. तिथे कुणाला इजा झाली नाही, कारण त्या यंत्रात स्वतंत्र तारांचे, स्विचचे अडसर होते. चूक झाली की फ्यूज उडायचा. लोक नवा फ्यूज घालून पुढे जायचे. नव्या यंत्रात "आता कॉम्प्युटर बघतोय ना" म्हणून ते अडसर काढून टाकले.

कॉम्प्युटरची आणखी एक गंमत. तीन जुनी रिले पॅनेलं बिघडायची ती आपापल्या परीने. तीन कॉम्प्युटरमध्ये एकच प्रोग्रॅम घातला, तर तिन्ही एकाच क्षणी, एकसारखेच चुकतात. सरांना आठवत असेल, सहामाहीत आम्ही तिघांनी भूमितीचं एक प्रमेय एकाच वहीतून उतरवलं होतं. तीन पेपर, तिन्हींत कोन एबीसी चुकून समकोन. तीन साक्षीदार आहेत असं वरवर दिसत होतं, होता एकच. म्हणून आम्ही प्रोग्रॅमच्या जोडीला तारांची एक साधी, अडाणी वाट कायम ठेवतो. कॉम्प्युटर काहीही म्हणो, तिला वाटलं तर ती थेट चुंबकांची वीज तोडते. ग्रुपवरच्या त्या मेसेजचं उत्तरही इथेच आहे. सुरक्षा यंत्रणेला बाहेरचं जाळं जोडतच नाहीत. २०१० मध्ये इराणच्या नतान्झमधल्या यंत्रांना त्रास देणारा स्टक्सनेट उघड झाला, त्याला तर इंटरनेटचीही गरज नव्हती, पेन ड्राइव्हवरूनही तो पसरू शकत होता. तेव्हापासून नियंत्रण कक्षात कुणाच्या खिशात काय आहे याकडे जास्त बारकाईने बघतात. मोबाईल तर दारातच काढून घेतात.

आता माझी गोष्ट. ही मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या भट्टीचं रिले पॅनेल बदलायचं ठरलं. नवी डिजिटल यंत्रणा काय काय करणार, याचा आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जुनी ड्रॉइंग काढली. एकेक रिले, एकेक संपर्क घेऊन तो काय करतो ते लिहीत गेलो. सात-आठ महिने लागले. शेवटी एक तक्ता तयार झाला आणि त्याखाली मी वाक्य लिहिलं: "जुन्या यंत्रणेची सर्व कार्ये नव्या यंत्रणेत समाविष्ट केली आहेत." खाली सही. मी तेव्हा सदतिशीत होतो आणि त्या सहीचा मला अभिमान होता.

पहिल्या चाचण्या ठीक झाल्या. म्हणजे अगदी ठीक नाही. भट्टी सुरू करताना, न्यूट्रॉन अगदी कमी असताना, नवी यंत्रणा उगाचच "पिरियड कमी" म्हणून दांडे पाडायची. कारण शोधायला तीन आठवडे गेले. मोजणी कमी असली की आकडा नैसर्गिकरीत्याच उड्या मारतो. पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडतात तसा, दोन पटकन, मग थोडा वेळ एकही नाही. जुन्या सर्किटमध्ये डायोड आणि कपॅसिटरची अशी जोडणी होती की मोजणी कमी असताना ते आपोआप सुस्त व्हायचं आणि मोजणी वाढली की आपोआप चपळ. मी मात्र सगळीकडे सारख्याच वेळाची सरासरी घेतली होती. कुणीतरी सुचवलं, सुरू करताना तेवढा तो ट्रिप बायपास करू. सोपं होतं. पण जो अडसर नेमका सुरू करतानाच लागतो, तो सुरू करताना काढून ठेवायचा? नाही केलं. मोजणीप्रमाणे सरासरीचा वेळ बदलेल असा प्रोग्रॅम लिहिला आणि पुन्हा सगळ्या चाचण्या पहिल्यापासून.

खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ड्रॉइंगमध्ये त्या सर्किटशेजारी "सुस्त होतं" असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे एक जुने टेक्निशियन होते. आयटीआय झालेले, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, ते आम्हाला साहेब म्हणायचे, अगदी त्यांच्या मुलाच्या वयाच्या पोरांनासुद्धा. जुन्या पॅनेलचे संपर्क साफ करण्यात त्यांची हयात गेली होती. नव्या यंत्रणेत त्यांना साफ करायला काही नव्हतं. त्यामुळे ते बहुतेक वेळ हात मागे बांधून उभे असत. मला वाटायचं, बिचाऱ्यांना समजत नसेल.

एका दुपारी मी पाहुण्यांना नवं कपाट दाखवत होतो. भट्टी बंदच होती. पाहुणे गेल्यावर काकांनी विचारलं,

"साहेब, लाईट गेली तर हे काय करतं?"

मी म्हटलं, "काही नाही काका. यूपीएस आहे ना. पापणीसुद्धा लवत नाही. तेच तर नव्याचं वैशिष्ट्य आहे."

ते म्हणाले, "बरं." थोडं थांबून, "आणि पंप?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जरा समजावून सांगतो. भट्टी थंड ठेवणारे पंप मोठे असतात, ते यूपीएसवर नसतात. वीज अर्धा सेकंद जरी डुलली तरी पंपाचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि वीज परत आली तरी पंप आपण होऊन सुरू होत नाही. शेतातल्या मोटरसारखंच, स्टार्टर पुन्हा दाबावा लागतो. जुन्या पॅनेलचे रिलेही त्याच विजेवर होते. त्यामुळे वीज डुलली की पंपाबरोबर रिलेही सुटायचे, चुंबक सुटायचे आणि त्याच क्षणी दांडे खाली. असं व्हावं म्हणून कुणी काही जोडलं नव्हतं, ते आपसूक होत होतं. म्हणून ते कुठल्याही ड्रॉइंगवर नव्हतं. पण भट्टीच्या सुरक्षेचा जो अहवाल होता, त्यातलं गणित मात्र हे धरूनच केलेलं होतं की वीज गेली की दांडे लगेच पडतात. आणि मी, कॉम्प्युटरला यूपीएसवर ठेवून, वीज डुललेली त्याला कळणारच नाही अशी सोय केली होती.

अनर्थ झाला असता का? नाही. पंप थांबल्यावर प्रवाह कमी होतो आणि कमी प्रवाहाचा ट्रिप वेगळा होताच. तो काही सेकंदांनी दांडे पाडणारच होता. पण गणितात त्या काही सेकंदांना जागा नव्हती. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा डुलायची ते काकांना पाठ होतं. मला नव्हतं, कारण मी केबिनमध्ये बसायचो आणि माझ्या कॉम्प्युटरलाही यूपीएस होता.

सर, तुम्ही नववीत माझ्या प्रयोगाच्या वहीतले दोन गुण कापले होते. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा कुठे थांबला ते न बघता, सूत्रावरून यायला हवं तेच "निरीक्षण" म्हणून मी लिहिलं होतं. मी घरी जाऊन रडलो होतो. वीस-बावीस वर्षांनी मी पुन्हा तेच केलं. ड्रॉइंग बघून पॅनेलचं निरीक्षण लिहिलं. पॅनेलसमोर उभा राहून, मेन स्विच पाडून, काय होतं ते एकदाही बघितलं नाही.

त्या रात्री मी कुणालाच काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, विचार असाही येऊन गेला की पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती घालू, सुधारणा म्हणून. समितीची बैठक दहा दिवसांवर होती आणि त्याच बैठकीत पुढच्या टप्प्याला परवानगी मिळणार होती. वरून विचारणा रोजच होत होती, भट्टी कधी सुरू होतेय, दवाखान्यांना आयोडीन द्यायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडे गेलो आणि माझी सही मागे घेतो म्हटलं. त्यांनी बराच वेळ फाईल चाळली. मग एवढंच विचारलं, "हे कुणी शोधलं?" मी काकांचं नाव सांगितलं. मला ओरडा बसला नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे आमचं सगळं काम पाच महिने पुढे गेलं आणि रोज कुणीतरी "कुणामुळे?" असं विचारायचं.

त्या पाच महिन्यांत आम्ही ड्रॉइंग मिटून ठेवली. काका आणि मी जुन्या पॅनेलसमोर उभे राहिलो आणि एकेक गोष्ट प्रत्यक्ष पाडून बघितली. ही वीज तोड, तो फ्यूज काढ, हा सिग्नल अर्धवट दे, दोन गोष्टी एकदम बिघडव. जे घडेल ते वहीत. ड्रॉइंगमध्ये नसलेल्या पण पॅनेल इमानेइतबारे करत असलेल्या अशा आणखी चार गोष्टी सापडल्या. दोन निरुपयोगी होत्या, त्या लिहून, कारण देऊन सोडल्या. दोन घेतल्या. विजेसाठी व्होल्टेज उतरलं की सुटणारे तीन रिले बसवले, तीनपैकी दोन सुटले की थेट चुंबकांची वीज तुटेल असे, कॉम्प्युटरला मध्ये न घेता. शिवाय पंपाच्या कॉन्टॅक्टरचा एक संपर्क कॉम्प्युटरलाही दिला. एवढं पुढारलेलं कपाट आणि त्यात शेवटी पुन्हा रिले! काका ते लावताना खूश होते.

ऑपरेटर मंडळींची एक मागणी मी आधी हसण्यावारी नेली होती, तीही तेव्हाच मान्य केली. त्यांना पडद्यावरचे आकडे नको होते, काटा हवा होता. आकडा वाचावा लागतो, काटा नुसता दिसतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला चहा घेतानाही तो चढतोय की उतरतोय ते कळतं. तीन काट्यांची मीटर परत बसवली. मी निवृत्त झालो तेव्हाही ती तिथे होती.

मघाशी म्हटलं होतं, आयोडीनचं लक्षात ठेवा. माझ्या त्या पाच महिन्यांबद्दल मला नंतर बरेच दिवस अपराधी वाटायचं. आपण बाकावरच्या माणसांना थांबवलं, असं. मग २००७ मध्ये कॅनडातली बातमी वाचली. तिथे चॉक रिव्हरला एनआरयू नावाची १९५७ ची भट्टी होती, जगातल्या दवाखान्यांना लागणाऱ्या वैद्यकीय समस्थानिकांचा मोठा वाटा तीच पुरवायची. नोव्हेंबरात ती नेहमीच्या देखभालीसाठी बंद केली, तेव्हा नियामकांच्या लक्षात आलं की दोन मुख्य पंपांना आपत्कालीन वीजपुरवठा जोडायचा होता तो जोडलेलाच नाही. पुन्हा पंप, पुन्हा वीज! ते म्हणाले, जोडा आणि मग सुरू करा. जगभर तपासण्या अडल्या. डिसेंबरात कॅनडाच्या संसदेने घाईने कायदा करून भट्टी १२० दिवस चालवायची परवानगी दिली आणि जानेवारीत नियामक मंडळाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना पदावरून काढलं. दीड वर्षाने, मे २००९ मध्ये, त्याच भट्टीत गळती सापडली आणि ती पंधरा महिने बंद राहिली. कोण बरोबर, यावर तिथे अजूनही वाद आहे. एका बाजूला आज तपासणीला आलेला रुग्ण असतो, त्याला चेहरा असतो. दुसऱ्या बाजूला कधी तरी होईल किंवा होणारही नाही असा अपघात, त्याला चेहरा नसतो. माझं मत विचाराल तर मी कीनबाईंच्या बाजूचा. पण माझ्या बहिणीचं स्कॅन त्या महिन्यात असतं तर मी हेच म्हटलं असतं का, हे मला सांगता येत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आमच्या क्षेत्रातली कुणी फारशी चारचौघांत बोलत नाही. जुन्या पॅनेलने पंचवीसहून जास्त वर्षं काढली. माझ्या त्या नव्या यंत्रणेची कार्डं बनवणं पुरवठादाराने बाराव्या वर्षी बंद केलं आणि पंधराव्या वर्षी आम्ही पुन्हा बदलायला बसलो. या वेळी आराखडा लिहिणारी मुलगी तिशीची होती, माझ्यापेक्षा खूप हुशार. तिने माझ्याकडे ड्रॉइंग मागितली. मी तिला आधी काकांच्या अक्षरातली ती वही दिली. चहाचे डाग आहेत तिच्यावर, आणि पहिल्याच पानावर लिहिलंय: "मेन पाडला. सगळे रिले एकदम सुटले. दांडे खाली. वेळ साडेअकरा."

काका निवृत्त झाले त्या आठवड्यात जुनं पॅनेल कायमचं बंद करायचं होतं. साहेबांनी स्विच काकांना पाडायला सांगितला. शेकडो रिले एकाच वेळी सुटल्याचा आवाज झाला, मोठा, आणि मग कक्षात नुसते पंखे ऐकू येत होते. काका म्हणाले, "चला, जेवायला जाऊ."

संयोजक मघापासून घड्याळ दाखवताहेत, आणि बाहेरून वरणाचा वास यायला लागलाय. प्रश्न असतील ते पंगतीत विचारा. बाँबबद्दल मात्र विचारू नका.